एंटर कोणी दाबायचा?

बंदिस्त क्लाउडवर बाहेरचा इंजिनिअर काम करत असताना त्याच्यावर नजर ठेवणं हे आमचं काम. इंजिनिअर पुण्यात, आम्ही छत्रपती संभाजीनगरात, सर्व्हर तिसरीकडेच. सर्व्हरचा पासवर्ड त्याला कधीच कळत नाही. तिकीट, म्हणजे कामाची नोंदवलेली विनंती, मंजूर झालं की ठरावीक वेळेपुरतं दार उघडतं, तो मधल्या जंप सर्व्हरवर ओटीपी टाकून येतो, पुढचा पासवर्ड तिथली तिजोरी परस्पर भरते आणि त्याच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग सुरू होतं. ‘लॉगिनच होईना’ असा फोन आला तर आधी त्याच्या मोबाइलचं घड्याळ विचारायचं. ॲपमधला ओटीपी दर ३० सेकंदांनी बदलतो, घड्याळ मागेपुढे असेल तर तो लागत नाही.

खरिपाच्या अर्जांची गर्दी होती. बीड, लातूर, धाराशिवकडच्या केंद्रांवर रांगा, आणि इकडे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हरची डिस्क ९६ टक्के भरलेली. ती पूर्ण भरली की डेटाबेस बंद पडतो, म्हणून वरून फोनवर फोन: ‘त्याला लवकर आत सोडा.’ तिकिटावर कामाचं वर्णन एका ओळीचं: ‘जुने लॉग साफ करणे.’ असलं वर्णन मंजूर करणाऱ्या साहेबांना दोष देऊ नये म्हणतात. मी देतो.

इंजिनिअरने आत येऊन जागा कोण खातंय ते पाहिलं. पीजी-वॉल नावाचं फोल्डर, आत १६ एमबीच्या फायलींचा ढीग. आठवड्यापेक्षा जुन्या फायली शोधून उडवायची कमांड त्याने लिहायला घेतली.

आता, या फायली (यांना ‘वॉल’ म्हणतात) म्हणजे वाचून टाकून द्यायचे लॉग नव्हेत. डेटाबेस प्रत्येक बदल आधी तिथे लिहितो, मग मूळ टेबलाच्या फायलीत. शेवटच्या चेकपॉइंटपासूनची (तोवरचे बदल मूळ फायलींत उतरल्याचा टप्पा) एखादी फाइल गेली तर बंद पडलेला डेटाबेस पुन्हा उठत नाही. त्याआधीची गेली तर मागे राहिलेली प्रतिकृती, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची नक्कल, तुटते, ती पहिल्यापासून उभी करावी लागते. फाइल लागणारी की बिनकामाची, हे तारखेवरून ठरतच नाही. हे फोल्डर लॉग समजून रिकामं करणारे जगभर इतके निघाले की २०१७ मध्ये, १०व्या आवृत्तीत, त्याचं नावच बदललं. आधी ते पीजी-एक्सलॉग होतं.

आमच्याकडे अशी कामं सामायिक टीमक्स सत्रात होतात, म्हणजे कमांडची एकच स्क्रीन दोघांपुढे आणि दोघांचाही कीबोर्ड चालतो. टाइप त्याने करायचं, एंटर आम्ही दाबायचा. यात तांत्रिक कुलूप काही नाही, नुसती शिस्त आहे. म्हणून कॉपी-पेस्टला बंदी. पेस्ट केलेल्या मजकुराच्या शेवटी नवी ओळ असली तर कमांड कोणाच्या एंटरची वाट न बघता चालू शकते. सत्र तोडायचं लाल बटणही आहे. पण बघणाऱ्याला चित्र उशिरा दिसतं, दुपारी लाइन रखडली तर आणखीच उशिरा. बटण दाबेपर्यंत फायली गेलेल्या असतात. ऑडिटवाल्यांना मात्र तेच बटण फार आवडतं.

“थांबा. एंटर नाही.”

“काहून सर? पाच मिनिटांत जागा होईल की.”

पोरगा मूळचा परभणीचा, कामाला पक्का. वॉल म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. पण कंपनीने त्याच वेळी त्याला आणखी दोन क्लायंटच्या कॉलवर बसवलं होतं.

रेप्लिकेशन स्लॉटची यादी काढायला सांगितली. कुठल्या प्रतिकृतीसाठी कुठपासूनच्या वॉल फायली राखायच्या, ते हा स्लॉट लक्षात ठेवतो. एक स्लॉट निष्क्रिय, त्याचा रिस्टार्ट एलएसएन, म्हणजे ‘इथपासून राखा’ ही खूण, कुठल्या कुठे मागे अडकलेला. कोणीतरी चाचणीसाठी प्रतिकृती सर्व्हर उभारला, काम झाल्यावर तो मोडला आणि स्लॉट तसाच सोडला. न येणाऱ्या पाहुण्यासाठी पोस्टग्रेस ताट वाढून बसला होता. विभागाकडून ईमेलवर होकार घेतला, स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला आणि डिस्क झरझर रिकामी झाली. हे पुन्हा होऊ नये यासाठी १३व्या आवृत्तीपासून मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ ही सेटिंग आहे, स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याची मर्यादा. तिचा मूळ आकडा उणे एक, म्हणजे मर्यादाच नाही. ती बदलायला वेगळं तिकीट लागतं. लागतंच.

जुलै २०२५ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने बातमी दिली होती: अमेरिकी संरक्षण खात्याच्या क्लाउडसाठी मायक्रोसॉफ्ट चीनमधल्या इंजिनिअरांची मदत घेत होती, मध्ये ‘डिजिटल एस्कॉर्ट’, म्हणजे आमच्यासारखे नजर ठेवणारे, बसवून. सुरक्षा मंजुरी एस्कॉर्टकडे, पण समोरचा काय करतोय हे समजण्याइतकं ज्ञान बऱ्याचदा नाही. बातमीनंतर कंपनीने त्या कामातून चीनमधले इंजिनिअर काढले. आमच्या ऑफिसात चर्चा झाली ती चीनवर. आमच्या रोस्टरवर नेटवर्कवाले आहेत, एक जण हार्डवेअरमधून आलेला. त्यांच्या पाळीत ही कमांड आली असती तर त्यांनी कशाच्या जोरावर अडवली असती? कमांड आदल्या दिवशी लेखी मागवा आणि डेटाबेसवाल्याकडून वाचून घ्या, एवढंच मागणं आहे. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

अहवाल लिहिताना व्हिडिओ आणि क्लाउडच्या नोंदी जुळवाव्या लागतात. व्हिडिओत ११:४२, नोंदीत ०६:१२, कारण तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तास धरून चालायचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस ठेवायच्या, आम्ही व्हिडिओही तेवढेच ठेवतो. पण लिहिलेली आणि न चालवलेली कमांड नोंदीत येत नाही, ती फक्त व्हिडिओत. तिकीट ‘यशस्वी’ म्हणून बंद झालं, शेरा ‘जुने लॉग साफ केले’. तो दुरुस्त करायला गेलो, तर बंद झालेलं तिकीट पुन्हा उघडत नाही.