वांगं नाही रे ते, लॉइन आहे

पहिल्या वेळी मी पोर्क लॉइन, म्हणजे डुकराचं मांस, भाजून जाळीवरून जे काही खाली उतरवलं ते बघून माझ्या पुतण्याने विचारलं, काका हे खायचं आहे का? पोरगा सात वर्षांचा आहे, मनात एक तोंडावर एक हे त्याला अजून जमत नाही. वरून कोळसा, कापलं तर आत सुतळीसारखे कोरडे धागे, आणि हे काही थोडंथोडकं नाही, चांगलं दीड किलो. मित्राने पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून आणलेलं, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये रात्रभर डबा पायाशी धरून बसला बिचारा, सकाळी भुसावळला उतरला तेव्हा डोळे लाल. त्या माणसाच्या ताटात मी ते वाढलं. तो काही बोलला नाही, दोन तुकडे खाल्ले, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, मसाला मस्त आहे रे. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

चूक कुठे झाली ते मला नंतर दोन दिवसांनी कळलं, आणि ती चूक अस्सल खानदेशी आहे. आम्हाला वाटतं आगीवर भाजणं आम्हाला कोणी शिकवायचं नाही. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटवायचा, ज्वाळा पुरुषभर उंच, त्यात हिरवी पांढुरकी मोठमोठी वांगी टाकायची आणि काठीने उलटीपालटी करत रहायची. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे आजोबा पणजोबा हेच करत होते. तर सांगायचा मुद्दा असा की वांग्याला साल असते. साल जळून काळी ठिक्कर झाली तरी बिघडत नाही, उलट तीच हवी असते, कारण आतला गर त्या सालीच्या पोटात स्वतःच्याच वाफेवर शिजतो आणि धुराचा वास तेवढा आत जातो. मग साल सोलून फेकायची. म्हणजे वांगं स्वतःचं भांडं स्वतःच घेऊन येतं.

पोर्क लॉइनला असलं काही नाही. मी गडी तसाच, काड्यांवर भडका केला आणि वर ठेवून दिलं.

लॉइन म्हणजे डुकराच्या पाठीचं मांस, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक जातं ते. त्या स्नायूला जनावर फार राबवत नाही म्हणून मऊ असतं, पण त्याच्या आत चरबीही जवळजवळ नसते, जी काय असते ती वरच्या बाजूला एक पांढरा थर. त्यामुळे खांद्याचं मांस तासन् तास शिजवलं की जसं विरघळून सुटं होतं तसं हे होत नाही, हे जास्त शिजलं की फक्त वाळतं. आणि अजून एक घोळ, टेंडरलॉइन म्हणून जे मिळतं ते वेगळं, ते हातभर लांब, बारीक, अर्धा किलोच्या आसपास, वीस पंचवीस मिनिटांत होऊन जातं. दुकानात नीट बघून घ्या, नाव सारखं आहे म्हणून रेसिपी सारखी नाही.

दुसऱ्या वेळी मी सगळं शिस्तीत केलं. आधी ग्रिल. विकतचं ग्रिल घ्यायचं तर बायकोने तोंडाकडे बघितलं असतं, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून जुना पत्र्याचा ड्रम उभा चिरून घेतला, दोन अर्धे, एक खाली एक झाकण, कब्जे लावले, पाय लावले. ड्रम खाण्याच्या तेलाचा आहे का हे दहा वेळा विचारून घेतलं, केमिकलचा ड्रम फुकट दिला तरी घ्यायचा नाही. तरीसुद्धा आधी रिकाम्या ड्रममध्ये दोन तास चांगली लाकडं जाळून काढली, आतला रंग, तेल सगळं गेलं पाहिजे. आणि एक महत्त्वाचं, आमच्या प्रत्येक घराच्या गच्चीवर जुन्या कुलरची जाळी पडलेली असते आणि प्रत्येकाला वाटतं हीच वापरू. नका वापरू. जस्त चढवलेल्या जाळीला जास्त ताप लागला की जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की थंडीताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना हे चांगलं माहिती असतं, मला पण त्यानेच सांगितलं. स्टीलची जाळी बनवून घ्या, पैसे जातात तर जाऊ द्या.

आदल्या रात्री मीठपाणी. दोन लिटर पाण्यात 120 ग्रॅम मीठ, मुठीएवढा गूळ, काळी मिरी, तेजपान, ठेचलेला लसूण, एक उकळी आणून पूर्ण गार करायचं, खरोखर गार, फ्रीजमधल्यासारखं, आणि मग लॉइन त्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये. आता फ्रीज आईचा. आमच्या घरात आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि तिची अट पहिल्या दिवसापासून एकच आहे, "माझ्या ओट्यावर ते आणायचं नाही, सांगून ठेवते तुले." म्हणून बाहेरच्या खोलीत एक जुना फ्रीज आहे, भांडी वेगळी, सुरी वेगळी, पाट वेगळा. यात भांडण काही नाही, तिचं तिच्या जागी, माझं माझ्या जागी. तर मिठाचं काम असं की ते आत शिरतं आणि मांसातली प्रथिनं थोडी सैल करतं, मग ती शिजताना पाणी धरून ठेवतात, नाहीतर ओल्या फडक्यासारखं सगळं पिळून बाहेर. सकाळी बाहेर काढून फडक्याने खडखडीत पुसायचं, चरबीच्या थरावर सुरीने शंकरपाळ्यासारख्या चिरा द्यायच्या, पण मांसापर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. वरून आपला काळा मसाला, लसूण, थोडं तेल. मीठ अजिबात नाही, ते आत गेलेलंच आहे.

कपाशीच्या काड्या फक्त पेटवायला. त्यांचा जाळ भसकन येतो आणि तसाच जातो, मागे निखारा काही उरत नाही. मांसाला निखारा लागतो, ज्वाळा नको. बाभळीचा कोळसा घेतला, तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडली, तळाशी काड्या आणि रद्दी, वर कोळसा, वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेची पांढरी साय येते. रॉकेल बिकेल काही टाकायचं नाही, मांसाला स्टोव्हचा वास येतो. मग ते निखारे ड्रमच्या एकाच बाजूला ओतायचे. दुसरी बाजू रिकामी, तिथे खाली एक परात ठेवायची, तिच्यात थोडं पाणी. लॉइन त्या रिकाम्या बाजूवर ठेवायचं, चरबी वर, म्हणजे विस्तवाच्या शेजारी, विस्तवावर नाही. झाकण लावायचं. माझं सगळं शिक्षण या एका वाक्यात आहे आणि त्यासाठी मी दीड किलो मांस जाळलं.

झाकणाखाली साधारण 150 ते 160 डिग्री राहिलं पाहिजे. मी झाकणाला भोक पाडून भट्टीवाला काटा बसवून घेतलाय, तो नसेल तर रिकाम्या बाजूच्या जाळीवर तळहात धरून बघायचा, पाच सहा सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर ठीक, लगेच ओढावा लागला तर जास्त आहे. डब्यात थोडे निखारे मी राखून ठेवतो, मधेच कमी पडले तर घालायला. आणि झाकण सारखं उघडायचं नाही, हे सगळ्यात अवघड, कारण अंगणात चार माणसं जमली की प्रत्येकाला एकदा बघायचंच असतं, "झालं का बे?" म्हणत हात झाकणाकडे जातोच. भरताची सवय आहे ना, तिथे सगळे काठ्या घेऊन उभे असतात.

आता तापमान. इथे लोक घाबरतात आणि घाबरण्याचं कारण खरं आहे. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की डोळ्यासमोर नालीतलं डुक्कर येतं, आणि नालीतल्या डुकराच्या मांसात टेपवर्मची, म्हणजे पट्टकृमीची, पिल्लं (अंडी नव्हेत) पाण्याच्या फोडासारखी बसलेली असू शकतात, ते अर्धकच्चं खाल्लं की पोटात लांबच लांब कृमी. म्हणून मांस फार्मवरचं, खात्रीच्या दुकानातलं, एवढं तर पाहिजेच. पण ते मेंदूत किडा जातो, झटके येतात, ते मात्र मांसातून थेट नाही होत. ते होतं त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात ज्याच्या पोटात कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून, घाण हातातून, न धुतलेल्या भाजीतून. म्हणजे जन्मात मांस न खाल्लेल्यालाही होऊ शकतं. पत्ताकोबी खाल्ली की मेंदूत किडा जातो अशी व्हॉट्सॲपवर त्या बिचारीची बदनामी चालते ती यातूनच आली, दोष कोबीचा नाही, कोबीवर पडलेल्या पाण्याचा. मी हे जेवताना सांगत नाही, एकदा सांगितलं होतं, मेहुणे ताट सारून उठले होते.

तर दोन गोष्टी करतो. एक, मांस उणे 15 च्या खाली तीन दिवसांपेक्षा जास्त गोठलेलं असेल तर ती पिल्लं मरतात, आमच्याकडे येणारं तसंही पुण्यातूनच दगडासारखं गोठून येतं. दोन, टोचायचा थर्मामीटर, ऑनलाइन मिळतो, सगळ्यात जाड भागात मधोमध टोचायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यासाठी आतलं सुरक्षित तापमान 71 वरून 63 डिग्री केलं, आणि उतरवल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्याला मात्र अजून 71च आहे. मी 60 ला तुकडा निखाऱ्यांच्या बाजूला सरकवतो, चरबीची बाजू खाली, दोन तीन मिनिटं, चरबी टपकते आणि भडका होतो तेव्हा चिमटा हातातच ठेवायचा, लगेच बाजूला घ्यायचं. याच वेळी गूळ, लिंबू आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एकत्र करून ब्रशने फासतो. आधी फासलं तर गूळ जळून कडू होतो, तेही मी करून बघितलेलं आहे. 65 झाले की उतरवलं, केळीच्या पानात गुंडाळून पंधरा मिनिटं पाटावर. पान आमच्याकडे काय, मागच्या बागेतून तोडायचं. पानात असताना काटा अजून दोन तीन डिग्री वर चढतो, मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं थर्मामीटर बिघडला. विस्तव नाही, काही नाही, आणि आकडा आपला 66, 67, 68. बाहेरचा ताप आत सरकत असतो. पहिल्या वेळी तर विस्तवावरच 80 झालं असणार, मग उतरवल्यावर अजून चढलं असेल, कल्पना करा.

दीड किलोला एकूण सव्वा तास लागला. घड्याळावर जाऊ नका पण, त्या दिवशी वारा होता, वाऱ्याने निखारे भडकतात आणि झाकण गार पडतं.

कापताना धाग्याच्या आडवं कापायचं. पहिला काप पडला आणि पाटावर पाणी सुटलं, थोडंसं, आत अगदी फिकट गुलाबी, कडेला चरबीचा खरपूस काळपट तपकिरी पट्टा. मित्र यावेळी पण पुण्याहून आला होता, डबा घेऊन, मागचं सगळं विसरून. त्याने एक काप उचलला, दुसरा उचलला, तिसऱ्याला भाकरी मागितली. कळण्याची भाकरी होती, आणि सोबत जळगावच्या मेहरूणच्या बोरांची चटणी. परदेशात लोक याच्याबरोबर सफरचंद खातात, आंबटगोड पाहिजे असतं, मग डिसेंबर जानेवारीत आपल्याकडे बोरं असताना सफरचंद कशाला? बोरं गुळात आणि लाल मिरचीत शिजवून बिया काढल्या, बियाच जास्त निघाल्या. पुतण्या चार काप खाऊन पळाला, काही बोलला नाही, म्हणजे पास.

आवराआवर चालली होती तेव्हा आई मागच्या दाराशी आली, पदर नाकाला. म्हणाली, "त्या डब्यातला आर तसाच वाया जाऊ राह्यला का?" मी म्हटलं हो, उरलाय थोडा. "त्याच्यावर ते टपकलं नाही ना काही?" नाही आई, तो वेगळाच राखून ठेवला होता. मग ती घरात गेली, आपलं घमेलं आणि चार वांगी घेऊन आली, माझ्या चिमट्याला हात न लावता डबा फडक्याने धरून निखारे घमेल्यात ओतले आणि अंगणाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. पाच मिनिटांत आमचा मित्र हात धुवून तिच्या शेजारी काठी घेऊन वांगी उलटत होता.