लाभ, दोन, तीन

रविवार, रात्री साडेदहा

मंडईतून आल्यापासून एक गोष्ट मनाला टोचते आहे आणि ती सुनीतालाही नीट सांगता आली नाही.

सत्तर-तीनशे, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याला लावलेलीच होती. १८८६ सालच्या त्या जुन्या इमारतीत, अष्टकोनी मनोऱ्याखाली, सकाळीही उजेड तोकडाच असतो. लेन्स तीनशेवर, म्हणजे पुरती ताणलेली असताना फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या तीनशेव्या भागापेक्षा कमी करता येत नाही, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० वर नेऊन मी खांबाला खांदा टेकवून उभा होतो. वीसेक पावलांवर एक आजी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. प्रत्येक जुडी पाटीत ठेवताना त्यांचे ओठ हलत. मला वाटले, नामस्मरण चालले आहे. त्या समजुतीनेच मी चौदा फोटो काढले, आणि ते काढताना मला भरून आले होते.

मग त्यांनी वर पाहिले. “दादा, तिकडनं काय दिसतंय? इकडं या की.” त्या रागावल्या नव्हत्या, गोणपाटावरचा पाला बाजूला सारून त्यांनी मला बसायला जागा केली. बसलो तेव्हा ऐकू आले : “लाभ, दोन, तीन, चार...” त्या जुड्या मोजत होत्या, ‘एक’ऐवजी शुभ म्हणून ‘लाभ’ म्हणत.

मी कॅमेरा उचलला, पण दीड मीटरच्या आत या लेन्सचा फोकस बसतच नाही. मोटर पुढेमागे फिरत राहिली. मेथीने हिरवी झालेली बोटे, अंगठ्याच्या नखातली माती, सारे हातभर अंतरावर होते आणि भिंगात नुसता धुरकट हिरवा रंग दिसत होता. “निघत नाही का?” त्यांनी विचारले. नाही म्हणालो आणि दोन जुड्या घेऊन उठलो.

पाऊण किलोचे हे ओझे मी गळ्यात का वागवतो? वेताळ टेकडीवर कापशी घार बसलेली असते तेव्हा हा प्रश्न पडत नाही, कारण जवळ गेले की ती उडते आणि दूर राहणे हेच तिथे शहाणपण असते. मंडईत कोण उडून जाणार होते? बोलावे लागू नये म्हणून मीच दूर उभा राहतो. दादरला जे झाले त्यानंतर तर अधिकच. पण ते आज नको. बारा वर्षांत इतकी माणसे टिपली, त्यांतल्या एकाचेही नाव मला ठाऊक नाही आणि त्यांच्यापैकी कुणाला मी आठवतही नसेन.

आत्ता फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. सातव्यात पाटी रिकामी आहे, पहिली जुडी नुकतीच हातातून सुटते आहे आणि ओठ मिटलेले आहेत. ‘लाभ’मधला ‘भ’ उच्चारताना ते मिटतात. म्हणजे दूर उभ्या माझ्या हाती तो क्षण आला होता, फक्त मला तो वाचता आला नव्हता. स्वभाव एका रविवारात बदलणार नाही, पुढच्या खेपेलाही हीच लेन्स बरोबर असेल. सातव्याचा प्रिंट मात्र आजींना नेऊन द्यायचा आहे, आणि तेवढा वेळ लेन्स बॅगेत ठेवून गोणपाटावर बसायचे आहे.