पथ्ये पाच, जेवण अर्धी भाकरी

वृद्ध व्यक्ती सेवाकेंद्रात दाखल होते तेव्हा तिच्याबरोबर औषधांची पिशवी येते आणि त्या पिशवीत बहुधा दोन-तीन निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पथ्येही असतात. हृदयाचे डॉक्टर मीठ आणि तूप कमी करायला सांगतात, मधुमेहाचे डॉक्टर गूळ आणि केळे बंद करतात, मूत्रपिंडाचे डॉक्टर नारळपाणी, टोमॅटो आणि डाळीवर मर्यादा घालतात. आपापल्या जागी प्रत्येकाचे म्हणणे रास्तच असते. पण ही सारी पथ्ये एकाच ताटावर लागू केली की उकडलेला दुधी आणि चपाती एवढेच उरते आणि त्यातलेही निम्मे परत येते. कोल्हापुरातल्या अशाच एका केंद्राचे स्वयंपाकघर मी सांभाळते. ऐंशीच्या घरातल्या माणसाचे वजन उतरत असेल, तर आधी त्याची काळजी करावी आणि उरलेली पथ्ये डॉक्टरांशी बोलून त्या बेताने सैल किंवा घट्ट करावीत, असे माझे ठाम मत आहे.

वजन उतरते तेव्हा स्नायूही झडतात, आणि म्हणून प्रथिनांचा हिशोब मांडावा लागतो. निरोगी प्रौढासाठी आपल्याकडे दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. वृद्धांना मात्र 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, आणि आजारपणात त्याहूनही अधिक. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण कमी ठेवतात, पण डायलिसिस सुरू झाले की गरज पुन्हा वाढते, ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि जुनेच पथ्य पुढे चालू राहते. पन्नास किलोच्या आजींना दिवसाला 50 ते 60 ग्रॅम प्रथिने हवीत असे धरले, तर एका अंड्यातून सुमारे 6 आणि पेलाभर दुधातून सुमारे 8 ग्रॅम मिळतात. अर्धी भाकरी आणि पळीभर आमटीवर ही बेरीज कधीच पूर्ण होत नाही.

इथे आमच्या गावाची एक खास समजूत आडवी येते. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून घरची मंडळी मोठ्या मायेने डब्यातून मटणाचे अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, आणतात, आजोबा ते वाटीभर पितात आणि सर्वांचे समाधान होते. पण त्या पाण्यात चव आणि ऊब असते, प्रथिने मात्र बहुतांशी फोडींतच राहतात, आणि त्या फोडी चावता येत नाहीत म्हणून डब्यातून परत जातात. आम्ही नातेवाइकांना सांगतो की अळणी जरूर आणा, पण त्याबरोबर मऊ शिजवलेला खिमा आणा, नाहीतर शिजलेले मटण मिक्सरमधून काढून त्याच अळणीत मिसळा. शाकाहारी माणसाच्या पातळ आमटीलाही हाच न्याय लागू पडतो, म्हणून आम्ही वरण घट्टच ठेवतो.

मिठाबाबत आमचे वाद अधिक होतात. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि भाजीत मीठ टाकले नाही म्हणजे हे साधले असे वाटते. परंतु उशाशी ठेवलेल्या कांदा-लसूण चटणीच्या बरणीत, लोणच्यात आणि पापडात किती मीठ असते याचा विचार कोणी करत नाही. सैंधव हेही सोडियमचेच मीठ आहे. कमी सोडियमचे म्हणून विकत मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड अधू असलेल्यांना, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. उलट बाजूने, लघवीच्या गोळ्या चालू असताना आणि जेवण तुटलेले असताना रक्तातले सोडियम उतरू शकते आणि माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. एक आजी ताट सरकवून म्हणाल्या, "पोरी, ह्याला चवच न्हाई, खाऊ कसं?" त्यांची तक्रार खरी होती, कारण वयानुसार जिभेची चव मंदावते. आता त्यांच्या भाजीला लसूण, जिरे, कोथिंबीर आणि वरून लिंबू असते, मीठ मोजून एकाच पदार्थात घालतो, आणि त्या जेवतात.

पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळण्याचा त्रास असेल, तर ताटातल्या पदार्थांइतकाच त्यांचा घट्टपणा महत्त्वाचा असतो. दूध-भाकरीचा काला हा आपल्याकडचा हमखास उपाय, पण त्यात पातळ दूध वेगळे आणि भाकरीचे तुकडे वेगळे राहतात. दूध आधी घशात उतरते आणि ठसका लागतो. तोच काला एकजीव वाटून चमच्यावर धरून राहील इतका घट्ट केला, तर ज्यांना तज्ज्ञांनी तसे अन्न चालेल असे सांगितले आहे त्यांना तो सुरक्षितपणे भरवता येतो. भरवताना माणूस ताठ बसलेला असावा आणि जेवणानंतरही अर्धा तास त्याला आडवे करू नये. जेवताना ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. जेवणानंतर आवाज घोगरा, ओलसर येत असेल तरीही तपासणी करून घ्यावी.

राहता राहिले उपवास. जोतिबाचा रविवार, अंबाबाईचा शुक्रवार आणि एकादशी सोडायला वृद्ध मंडळी तयार नसतात आणि त्यांना तसा आग्रह करणे मला पटतही नाही. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते, म्हणून त्या दिवशी आम्ही राजगिऱ्याची लापशी, दूध, दही आणि चालत असेल त्यांना शेंगदाण्याची आमटी देतो. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरते, त्यामुळे उपवासाच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घेतो आणि तो स्वयंपाकघरातल्या फळ्यावर त्या आजी-आजोबांच्या नावापुढे लिहून ठेवतो.