निळी टिक असून 'फेक' म्हणून बॅन! माझा डेटिंग ॲपचा अनुभव

आधी एक विनंती करून घेते, नंतर रागाच्या भरात राहून जाईल. ॲपवर ट्रान्स बाई दिसली आणि तुम्हाला नको असेल तर डावीकडे सारा आणि पुढं जा, कुणी काय म्हणणार नाही. पण 'फेक प्रोफाइल' म्हणून रिपोर्ट मारू नका. त्या एका बटणापायी माझं अकाउंट गेलं, आणि ते परत मिळवताना जो मनस्ताप झालाय तो इथं सगळा लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी बेळगावची, वडगावात राहते, ब्लाऊज शिवायच्या ऑर्डरी घेते. बायोत पहिल्याच ओळीत लिहिलंय की मी ट्रान्स बाई आहे, मराठीत आणि इंग्लिशमध्येपण. मैत्रिणी म्हणतात आधी बोलून बघ मग सांग. आधी सांगितलंच पाहिजे असा काय नियम नाही, जिचं तिनं ठरवायचं. मला आपलं आधी सांगितलेलं बरं पडतं, भेटल्यावर एखाद्याचं डोकं फिरलं तर एकटीनं काय करायचं. व्हेरिफिकेशनपण केलेलं होतं, ते मान इकडं वळव तिकडं वळव करून सेल्फी व्हिडिओ घेतात ना, ते. निळी टिक मिळालेली. (हार्मोन्स चालू असतील तर जुने फोटो काढून टाका आधी, चेहरा बदललेला असतो, मग जुळत नाही म्हणून सांगतंय.)

आणि एक दिवस सकाळी ॲप उघडलं तर लॉगिनच होईना. 'आमच्या नियमांचं उल्लंघन झाल्यामुळे तुमचं अकाउंट बंद करण्यात आलं आहे.' कुठला नियम? ते नाही. कुणी तक्रार केली? ते नाही. खाली अपीलचं बटण होतं, त्यात एक छोटा चौकोन, मी आपलं सगळं नीट लिहिलं, टिक आहे, फोटो माझे आहेत, हवं तर परत व्हिडिओ घ्या. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की वाचलं कुणी असणं शक्यच नाही. 'तपासणी केली, निर्णय कायम आहे.' परत लिहिलं, परत तेच. शब्दन् शब्द तेच, खाली फक्त 'टीम' म्हणून सही. माणूस नाही, फोन नंबर नाही, ऑफिस कुठं आहे पत्ता नाही. आपल्याकडं सरकारी ऑफिसात निदान एक खिडकी असते, पलीकडचा माणूस कन्नडमधून का होईना खेकसतो तरी, आपण पण चार शब्द ऐकवून येतो. इथं कुणावर ओरडायचं?

रिपोर्ट कोण मारतं याचा माझा आपला अंदाज आहे. आवडलं नाही म्हणून मारणारे थोडे असतील. जास्त करून रात्री दोन वाजेपर्यंत गोड बोलणारेच, सकाळी उठल्यावर त्यांना लाज वाटते आणि पुरावा पुसायचा म्हणून मारतात. बेळगाव केवढं मोठं, अंतर पाच किलोमीटरवर ठेवलं की अर्धे शहापूरचे अर्धे टिळकवाडीचे, त्यातला एखादा भावाच्या क्रिकेट टीमचा निघतोच. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ओळखीचे नंबर ब्लॉक करायची सोय असेल तर आधी ती करा. तुम्ही त्यांना दिसत नाही, ते तुम्हाला दिसत नाहीत, दोघं सुखी. अंतर दिसणं पण बंद करता येत असेल तर करा.

मधल्या काळात एकजण म्हणाला नवीन ईमेल घे, नवीन अकाउंट काढ, कशाला डोक्याला ताप. मी नाही काढलं. एक तर फोन आणि नंबर ओळखून तेपण बंद करतात असं बऱ्याच जणींनी सांगितलेलं, आणि दुसरं म्हणजे मी काय चोरी केली होती की लपून परत यायचं? मला तेच अकाउंट पाहिजे होतं, टिकेसकट.

मग एका ओळखीच्या वकील मॅडमनी रस्ता सांगितला आणि हाच सगळ्यात कामाचा भाग आहे, म्हणून नीट वाचा. 2021 चे आयटी नियम आहेत. त्यानुसार असल्या ॲपला तक्रार अधिकारी, म्हणजे ग्रिव्हन्स ऑफिसर, नेमावा लागतो आणि त्याचं नाव अन् संपर्क साईटवर द्यावा लागतो. तक्रार पोचल्याचं 24 तासांत कळवायचं आणि माझ्या वेळी 15 दिवसांत निकाल लावायचा होता (2026 मध्ये ही मुदत कमी केलीय). तरी समाधान नाही झालं तर सरकारची ग्रिव्हन्स अपेलेट कमिटी आहे, 2023 पासून चालू झालीय, तिथं 30 दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं, वकील लागत नाही. आता हा अधिकारी ॲपमध्ये शोधून सापडत नाही बरं का. साईटच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात, कायदेशीर माहितीच्या पानावर, त्यातपण देशांच्या यादीत भारत शोधायचा तेव्हा कुठं एक ईमेल मिळतो. मला तर वाटतं मुद्दाम तिथं ठेवलाय.

तक्रार मॅडमनी इंग्लिशमध्ये लिहून दिली, पण मुद्दे मी काढले. काय मागायचं ते स्पष्ट ठेवा. एक, कुठला नियम मोडला ते सांगा. दोन, माणसाकडून तपासणी करा. तीन, 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आहे, त्याच्या कलम 3 मध्ये लोकांसाठी असलेल्या सेवेत भेदभाव करायला मनाई आहे, आणि मी कोण आहे यावरून माझ्यावर खोटे रिपोर्ट होत असतील तर ते बघणं तुमचं काम आहे. सोबत बॅनच्या मेसेजचा, टिकेचा आणि त्या ठोकळा उत्तरांचा स्क्रीनशॉट. ओळख म्हणून टीजी कार्ड, म्हणजे ट्रान्सजेंडर असल्याचं सरकारी ओळखपत्र, पाठवलं, नंबर आणि पत्ता झाकून. आधार पाठवू नका, त्यावर अजून जुनं नाव असेल तर उलट तेच धरून बसतील.

टीजी कार्डाचं विचाराल तर ते मी आधीच काढलेलं, राष्ट्रीय पोर्टलवरून, ॲफिडेव्हिट लावून. तेव्हाच्या 2020 च्या नियमांत डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नव्हतं, डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसमधनं मंजूर झालं. तिथं काय त्रास झाला नाही, उगीच कशाला नावं ठेवू.

पोच आली. मग शांत. रोज दुपारी मशीन थांबवून मेल बघायची, आई विचारायची, "काय गे, कुणाची वाट बघूलैस?" काय सांगणार तिला. पंधरा दिवसांची मुदत संपली त्या दिवशी मी दोनच ओळी पाठवल्या, उत्तर नाही, आता कमिटीकडं जाते. अपील करायची वेळच आली नाही. अकाउंट परत! 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', कारण तरीही नाही. पण टिक होती. खरं सांगते, त्या दिवशी मी शेजारच्या पोरांना कुंदा वाटला आणि कशाचा ते सांगितलं नाही.

चॅटपण परत आल्या. त्यात निपाणीचा एकजण होता, बरं बोलायचा, त्याला वाटलेलं मीच ब्लॉक केलं. हा मला का बरा वाटला ते सांगते, म्हणजे मॅच झालेल्या पुरुषांनापण कळेल. त्यानं पहिल्यांदा विचारलं, काय म्हणून हाक मारू. ऑपरेशन झालं काय, आधीचं नाव काय, असलं काही नाही. बाकीचे तर 'तू सौंदत्तीला जोगती काय' इथपर्यंत जातात. अरे, यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगप्पांचा मान त्यांच्या जागी, प्रत्येक ट्रान्स बाई तिथलीच असते काय? आणि त्यानं स्वतःहून सांगितलं की घरी अजून बोललेला नाही, वेळ लागेल. हे आधी सांगणारा मला चालतो. दिवसा ओळख दाखवणार नाही आणि रात्री अकरानंतर मेसेज, तो नाही चालत.

भेटलो टिळकवाडीत, भर दुपारी, मी माझ्या ॲक्टिवावर, मैत्रिणीला लाईव्ह लोकेशन देऊन. दोन तास बसलो. बाकीचं माझ्यापाशी. पहिल्याच भेटीत राकसकोपला लाँग ड्राइव्हला जाऊया म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं, कितीपण सज्जन असू दे.

बिल मात्र रोख द्या. यूपीआयवर बँकेतलं नाव दिसतं आणि आपल्यातल्या कितीतरी जणींचं बँकेत अजून जुनंच आहे. नंबर देतानापण तेच, ट्रूकॉलरवर कुणी काय नावानं सेव्ह केलंय ते आधी तपासा, तोवर ॲपमधूनच व्हिडिओ कॉल करून माणूस खरा आहे का बघा. आणि कुणी फोटो घरी दाखवतो म्हणून पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका, एकदा दिले की थांबत नाही. स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा, या क्रमानं, कारण त्यानं अनमॅच केलं की चॅट जाते. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला फोन, नाहीतर सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. समोरचा कोल्हापूरचा आहे, ही केस महाराष्ट्राची, असं इथल्या ठाण्यात सांगितलं तर झिरो एफआयआर म्हणा, हद्द कुठलीपण असली तरी नोंदवून घ्यावीच लागते.

अजून एक. अकाउंट बॅन झालं तरी पैसे भरून घेतलेला प्लॅन आपोआप बंद होत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वेगळा कॅन्सल करावा लागतो. मी बॅन असताना माझे पैसे कापले गेलेत. रिफंड मागितलाय, त्याच तक्रार अधिकाऱ्याकडं. 24 तासांतली पोच आलीय, बघू आता.