दवाखाना कोणत्या लेखाशीर्षात बसतो?

आयुक्तांनी अंदाजपत्रक सादर केलं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दोनच गोष्टी येतात. एकूण आकडा किती, आणि करवाढ आहे की नाही. आपल्या भागात काय होणार आणि काय नाही, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. ते ठरतं नंतरच्या काही आठवड्यांत, स्थायी समितीच्या बैठकांमध्ये. खरं सांगायचं तर बैठकांपेक्षाही जास्त, बैठकीआधी आमच्या लेखा विभागाच्या टेबलांभोवती.

मी महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत लेखाधिकारी होतो. ही गोष्ट 2019 सालची. जीएसटी लागू होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, आणि आता दर महिन्याला राज्य सरकारकडून येणारी भरपाई हाच महापालिकेचा मोठा आधार उरला होता. बाकी मिळकतकर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीची शुल्कं. यातली शुल्कं बेभरवशाची. बांधकामं थंडावली की तीही आटतात. तरी अंदाजपत्रकात त्यांचा आकडा दरवर्षी वाढलेलाच असतो, कारण खर्चाच्या मागण्या आधी येतात आणि त्यांना पुरेल एवढं उत्पन्न नंतर दाखवलं जातं. वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते ना! आयुक्तांच्या आकड्यात स्थायी समिती भर घालते, समितीच्या आकड्यात महासभा. बोलणारा कुणीच खोटं बोलत नसतो, प्रत्येक जण फक्त आशावादी असतो.

त्या दिवशी सोळा सदस्यांची समिती विभागवार चर्चा करत होती. आरोग्य खातं लवकर उरकायचं, कारण सगळ्यांचा जीव रस्ते आणि ड्रेनेजमध्ये अडकलेला, हे आम्हाला ठाऊक होतं. यादीत एक ओळ होती: अमुक प्रभागातील दवाखाना इमारतीवर पहिला मजला बांधणे. त्या प्रभागाच्या नगरसेविका समितीवर होत्या. पहिलीच टर्म. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "सभापती महोदय, खालच्या मजल्याला इमारत झाल्यापासून कुलूप आहे. वरचा मजला कुणी मागितला?"

हशा झाला. भवन विभागाच्या अभियंत्यांनी खुलासा केला की मूलभूत सुविधांसाठी शासनाकडून आलेला निधी शिल्लक आहे, मुदतीत खर्च झाला नाही तर परत करावा लागेल, आणि ही जागा महापालिकेच्या ताब्यात असल्याने काम लगेच सुरू करता येईल. खुलासा बिनचूक होता. पण बाई बसल्या नाहीत. "मग दुसरं सांगा. आहे ती इमारत वर्षभर चालवायला किती पैसे लागतात?"

सभापतींनी आयुक्तांकडे पाहिलं, आयुक्तांनी आरोग्य अधिकाऱ्यांकडे, त्यांनी मुख्य लेखापालांकडे, आणि मुख्य लेखापाल मागे वळले. मागे मी होतो, मांडीवर अंदाजपत्रकाचं पुस्तक घेऊन. त्या जाडजूड पुस्तकात प्रत्येक खर्चाचं एक लेखाशीर्ष, म्हणजे नंबर दिलेली ओळ असते. दवाखाना बांधायचा खर्च अशा एका ओळीत सापडतो. चालवायचा खर्च मात्र कुठेच एकत्र सापडत नाही. डॉक्टर-नर्सचा पगार आस्थापनेत, औषधं आरोग्याच्या साहित्य खरेदीत, वीजबिल विद्युत विभागाकडे, सफाई घनकचऱ्यात, रखवालदार सुरक्षा विभागात. प्रत्येक ठिकाणी तो अख्ख्या शहराच्या रकमेत मिसळलेला. सभापतींनी दुपारनंतर उत्तर द्यायला सांगितलं आणि विषय पुढे सरकवला.

मधल्या वेळात मी आणि आरोग्य विभागातली एक लेखनिक मिळून चालू असलेल्या दुसऱ्या एका दवाखान्याच्या बिलांवरून तो आकडा जुळवत बसलो. जुळवताना दिसलं ते मला आधी कुणी विचारलंच नव्हतं: काही थोड्या वर्षांत चालवण्याचा खर्च बांधकामाच्या खर्चाला गाठतो, आणि पुढे तो थांबत नाही. बांधकाम एकदाच, पगार दर महिन्याला. हे काही मोठं रहस्य नाही, पण अंदाजपत्रकात भांडवली खर्च एकीकडे आणि महसुली खर्च दुसरीकडे मांडलेला असल्यामुळे दोन्हींची गाठ कुणी घालून देत नाही. इमारतीचं भूमिपूजन होतं, उद्‌घाटन होतं. नर्सच्या पगाराचं उद्‌घाटन कोण करणार?

आता अडचण पैशांची एकटी नव्हती. आरोग्य अधिकारी स्वतः आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "आकृतिबंधात या दवाखान्याची पदंच नाहीत. नगरविकास खात्याची मंजुरी लागेल, आणि आपला आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या वर आहे. प्रस्ताव गेला तरी परत येणार."

आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांची यादी. आणि ही 35 टक्क्यांची अट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. पगारावरचा खर्च त्या मर्यादेबाहेर गेला की नवी भरती अडते. अट घालण्यामागचा हेतू बरोबर आहे, सगळा पैसा पगारात जाऊ नये. पण उत्पन्न घटलं की काहीही न करता टक्केवारी वाढते, आणि दवाखान्यासारख्या सेवेत पगार हाच मुख्य खर्च असतो. शासनाचा शिल्लक निधी सिमेंटला चालणार होता, माणसाला नाही. केंद्राच्या 14व्या वित्त आयोगाचा निधीही असा कुठेही वळवता येत नव्हता. दिव्यांगांसाठीची 5 टक्क्यांची राखीव तरतूद, महिला व बालकल्याणाची तरतूद, आधीच्या वर्षांत कार्यादेश दिलेल्या कामांचं दायित्व, कर्जाचे हप्ते, पाणी उपसायची वीज, हे सगळं वजा केल्यावर ज्या रकमेवर खरोखर वाद घालता येतो ती एकूण आकड्याच्या मानाने फारच लहान असते. समितीतला सगळा आवाज त्या तेवढ्याशा रकमेसाठी असतो.

वाट काढली ती त्या लेखनिक मुलीने. "सर, ठोक मानधनावर घेतले तर? तो खर्च आस्थापनेत धरत नाहीत, वैद्यकीय सेवांच्या लेखाशीर्षात जातो." बरोबर होतं. एक डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता, सहा-सहा महिन्यांच्या नेमणुका. मला हा मार्ग तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. ज्या माणसांची आपल्याला कायमची गरज आहे त्यांना कायम तात्पुरतं ठेवायचं, आणि कागदावर टक्केवारी मर्यादेत दाखवायची. पण त्या दुपारी कुलूप उघडण्याचा तेवढाच मार्ग होता आणि मी टिपण त्याच आधारावर तयार केलं.

मोठ्या वादाला तोंड फुटलं ते बैठक पुन्हा सुरू झाल्यावर. आकडा वाचला गेला. सभापती म्हणाले, "ठीक आहे, पण आणायचा कुठून?" उत्पन्न आणखी फुगवा, हा नेहमीचा तोडगा एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलाच. मुख्य लेखापालांनी फारच सौम्य शब्दांत सांगितलं की मिळकतकराचा आकडा आता वसुलीच्या आवाक्याबाहेर गेला आहे. मग बाईंनी स्वतःच्या प्रभागाच्या यादीचं पान उघडलं. पेव्हर ब्लॉक बसवणे, स्वागत कमान उभारणे, बाकडी पुरवणे. "ही तिन्ही कामं काढा."

सभागृहात क्षणभर कुणाला काय बोलावं कळेना. मग बाजूच्या प्रभागाचे सदस्य उठले. "ताई, तुम्ही तुमची काढाल, उद्या आम्हाला लोक विचारतील तुमची का नाही काढली!" त्यांची भीती खोटी नव्हती. बाकड्यावर नाव रंगवता येतं, कमानीवर तर मोठ्या अक्षरांत. मतदाराला कामाचा पुरावा लागतो आणि औषधाच्या गोळ्यांवर नगरसेवकाचं नाव छापता येत नाही. शिवाय त्या तीन कामांची रक्कम पूर्ण वर्षाला पुरतही नव्हती.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या मजल्याचं काम वगळायचं, शासनाचा तो निधी दुसऱ्या प्रभागातल्या पाण्याच्या टाकीकडे वळवण्याची परवानगी मागायची, बाईंच्या तीन कामांपैकी कमान आणि पेव्हर ब्लॉक काढायचे, बाकडी राहू द्यायची, आणि दवाखाना सकाळच्या पाळीत सुरू करण्यापुरती तरतूद करायची. सायंकाळची पाळी सुधारित अंदाजपत्रकात पाहू. "पाहू" या शब्दावर बाईंनी हरकत घेतली, पण इतिवृत्तात तोच राहिला.

पुढे 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक संस्थांना आरोग्याचं 70,051 कोटी रुपयांचं वेगळं अनुदान सुचवलं, तेव्हा मला ती बैठक आठवली. दवाखाना चालवणं हीही पैसे मागण्याजोगी गोष्ट आहे, हे वरूनच कुणीतरी मान्य केलं होतं. आमच्यासारख्यांना ते सोयीचं. पण आपल्याच करातून काय चालवायचं हा निर्णय वरून आलेल्या निधीच्या शीर्षकावर सोडायचा, ही सवयही त्याने घट्ट होते.

त्या दिवशी बैठक संपल्यावर बाई आमच्या विभागात आल्या. आभार मानायला आल्या असतील असं वाटलं. त्यांनी वही काढली. "साहेब, ही तरतूद कोणत्या लेखाशीर्षात टाकली? नंबर सांगा."

मी विचारलं कशाला. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी त्यांच्या शाळेच्या स्वच्छतागृहांची तरतूद अशीच मंजूर झाली होती, आणि ऑक्टोबरात वर्गीकरणाचा, म्हणजे एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात वळवण्याचा प्रस्ताव येऊन खर्ची न पडलेली रक्कम म्हणून रस्त्याला गेली. त्यांना कळलं तेव्हा डांबर पडलं होतं. मी नंबर लिहून दिला. शिवाय सांगितलं की वर्गीकरणाचे प्रस्ताव कार्यपत्रिकेत आयत्या वेळी येतात, तेव्हा ऐनवेळच्या विषयांवरही नजर ठेवा, आणि जाहिरात काढायला आरोग्य विभागाला जूनच्या पुढे जाऊ देऊ नका. नेमणूक झाली की तरतूद हलवणं अवघड जातं.

जाहिरात जुलैत निघाली. ऑगस्टपासून त्या दर पंधरवड्याला फोन करून त्या शीर्षातला खर्च विचारायच्या. आमचे मुख्य लेखापाल वैतागायचे. ऑक्टोबरात वर्गीकरणाची यादी आली तेव्हा त्यात तो नंबर नव्हता.