जिरीची प्रगती: माणसं जमली, ढोल अजून लांबूनच

जिरी साडेतीन महिन्यांची झाली. अस्सल गावठी कुत्र्याचं पिल्लू, एक कान उभा, एक अजून ठरवतोय. रेबीजचं इंजेक्शन झालं, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसीचा शेवटचा डोस पुढच्या आठवड्यात. तोवर रस्त्यावर पाय टेकवायचा नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू नवं जग जितक्या सहज स्वीकारतं तितकं पुढे स्वीकारत नाही. डोस संपेपर्यंत दार लावून बसलं तर तो काळ हातचा जातो. म्हणून आमची सगळी फिरती झोळीतून.

नाशिकच्या गंगापूर रोडला कडेला बसून नुसतं बघायचं. घंटागाडी, हेल्मेटवाले, रेनकोटवाले, काठी टेकत जाणारे आजोबा. रेनकोटचा तिला भलताच राग होता, आता फक्त एकदा हुंगते.

लोकांचं मात्र अवघड. ‘अय्या, कित्ती गोड!’ म्हणत हात थेट डोक्यावर. आपल्याकडे पिल्लू म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. आता मी आधीच समोरच्याच्या हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा देतो आणि सांगतो, ‘भरवू नका, तिच्या मागे टाका.’ हातातून भरवलं की ती मागचे पाय मागेच ठेवून मान लांब करते, तुकडा गिळते आणि मग लक्षात येतं की आपण परक्या माणसाच्या नाकाखाली उभे आहोत. मागे टाकला की खायच्या निमित्ताने लांब जाते, सुटकाही होते, आणि परत यायचं की नाही हे तीच ठरवते. हा सगळा खेळ बिल्डिंगच्या धुतलेल्या पार्किंगमध्ये. वॉचमनकाकांकडे पूर्वी बघून खांबामागे जायची. काल त्यांच्या चपलेवर बसून पाय खाजवला.

कुत्र्यांमध्ये सध्या एकच दोस्त, शेजारच्या काकूंचा म्हातारा लॅब्राडोर. लसीकरण पूर्ण आणि स्वभावाने संत. गच्चीवर दोघांना आधी अंतर ठेवून एकाच दिशेने चालवतो. समोरासमोर नाक भिडवणं नाही. मग सैल पट्ट्यावर दोन-तीन सेकंद हुंगणं, हाक, परत चालणं. जिरी त्याच्या कानाला लोंबकळली तेव्हा तो गुरगुरला. काकू घाबरल्या, मला आनंद झाला. तिने लगेच कान सोडला, पुढचे पाय जमिनीला टेकवले, ढुंगण वर, शेपूट हलवत पुन्हा खेळायला बोलावलं. खेळताना कुठे थांबायचं हे शिकवणं माणसाच्या हातचं नाही. गल्लीतली नसबंदी झालेली, कानाला खाच असलेली टोळी सध्या गेटच्या आतूनच बघायची.

राहिला ढोल. गणपती जवळ आले, नदीकडच्या मैदानावर पथकाचा सराव सुरू झालाय आणि नाशिक ढोल म्हणजे माणसाच्याही बरगड्या वाजतात. आमचं मोजमाप चिकन: खाल्लं तर अंतर बरोबर, तोंड फिरवलं तर झोळी उचलून आणखी मागे. एकदा ओठ चाटायला लागली, जांभई दिली. झोप आली असं बायकोला वाटलं, पण तो ताण होता. पुलापलीकडून मात्र आरामात खाते. पथकातला एक पोरगा म्हणाला, ‘दादा, आणा की जवळ, सवय होईल.’ जवळ नेऊन सवय होत नाही, धसका बसतो. या आठवड्यात पुलाच्या मध्यापर्यंत यायचा बेत आहे, तेही ताशा सुरू व्हायच्या आधी.