आठव्या टप्प्याचा घोळ आणि सेकंड गेर

बेळगाव ते वेंगुर्ला रात्रीच्या रिले शर्यतीसाठी मागच्या वेळी कळवलेला धावण्याचा क्रम आता धरू नका. शनिवारी रात्री आंबोलीला जाऊन आठवा आणि बारावा टप्पा खऱ्या वेळेला पळून बघितला. आठवा झकास झाला आणि बाराव्यात वाट लागली. आमच्या शाळामास्तरांची लागली, पण संघ चौघांचा असल्यामुळे सगळ्यांचीच म्हणायची.

रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. बेळगावच्या कॅम्पातून रात्री दहाला सुटायचं, हिंडलगा, सुळगे, तुरमुरी, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरायचं, पाटणे फाट्यावरून आंबोली, घाट उतरून दाणोली, सावंतवाडी आणि शेवटी वेंगुर्ल्याचा समुद्र. साधारण दहा-दहा किलोमीटरचे बारा टप्पे, माणसं चार, प्रत्येकाला तीन टप्पे. आणि तो छळवादी नियम: एकदा दिलेला क्रम शेवटपर्यंत तसाच फिरणार. म्हणजे आठवा टप्पा, आख्खा घाट, जो पळेल तोच बारावाही पळणार. मधे फक्त अडीच तास.

दहा किलोमीटरमध्ये सर्वांत वेगवान मास्तर, म्हणून घाट मास्तरांना, हे आमचं पहिल्यापासूनचं गणित. पहाटे चारला ते आंबोलीच्या खालून सुटले. घड्याळ बघितलं तर किलोमीटरला ३:५० च्या आसपास, एकाही किलोमीटरची वेळ घसरलेली नाही. दाणोलीच्या अलीकडे ३९ मिनिटांत हजर. दमही फार लागलेला नव्हता, उभ्या उभ्या गप्पा मारत होते. मग शर्यतीत बसावं लागणार तसे अडीच तास मुद्दाम सोबतच्या ट्रॅक्स गाडीत बसून काढले. वेंगुर्ल्याच्या अलीकडे बाराव्यासाठी खाली उतरायला गेले आणि दाराला धरून तसेच थांबले. मी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "पाय हाईत काय गेले ते बघायलोय." पहिला किलोमीटर ५:१०, शेवटचे दोन साडेसहाच्या पुढे. एकूण ६१ मिनिटं. हा माणूस सपाटीवर ४४ मध्ये सहज येतो. ऊन नव्हतं, पोट ठीक होतं, पाणी पुरेसं प्यायले होते. मांड्याच संपल्या होत्या.

यावर रविवारपासून डोकं पिकलं आहे. उताराचं मूळ दुखणं असं की छातीला तो फुकट वाटतो. मिनेट्टी आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास आपल्यात बऱ्याच जणांनी वाचलाय. पळताना ऊर्जा सर्वांत कमी लागते ती सुमारे २० टक्के उतारावर. आपला घाट सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिथेही सपाटीपेक्षा खर्च कमीच. त्यामुळे हृदयाचे ठोके खाली राहतात, घड्याळ खूश, धावणारा खूश. पण दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन झेलत असतो. आकसत काम करणं त्याला सोपं जातं, ताणलं जाताना काम करणं महागात पडतं. त्याचे तंतू तिथे फाटतात आणि ताकद लगेच उतरते. दुखणं मागाहून येतं, २४ ते ४८ तासांनी शिगेला पोचतं. म्हणून घाटाखाली मास्तर हसत होते. दुखत काहीच नव्हतं, फक्त ताकद गेलेली होती. सोमवारी मात्र शाळेचा जिना त्यांनी उलटा, कठड्याला धरून उतरला म्हणे.

हे कळल्यावर निम्मे उपाय आपोआप बाद झाले. स्प्रे, बाम, मालीश हे सगळं दुखण्यावर आहे, गेलेली ताकद त्याने अडीच तासांत परत येत नाही. पोटरीला चढवायचे ते घट्ट मोजे मास्तरांनी घातलेच होते. आणि शूज! कार्बन प्लेटचे, महागाचे, जाहिरातीत हवेत उडणारे. सपाट डांबरावर माझी तक्रार नाही, पण तळ उंच आणि अरुंद असल्यामुळे घाटाच्या वळणावर घोटा डगमगतो. शिवाय रस्त्याच्या उजव्या कडेला डांबर बाहेरच्या बाजूला उतरलेलं असतं, त्यामुळे उजवा पाय सतत खालच्या अंगाला. घाटासाठी माझं मत जुन्या, रुंद तळाच्या ट्रेनिंग शूजना. खडे बाजारातल्या चांभाराने माझ्या जुन्या जोडाची सुटलेली टाच अशी चिकटवून दिलीय की नव्यापेक्षा बरी. लेस मात्र शेवटच्या भोकातून फास करून बांधा. पाय बुटात पुढे सरकला की अंगठ्याचं नख काळं पडलंच म्हणून समजा.

खरा उलगडा झाला तो ट्रॅक्सच्या ड्रायव्हर अण्णांमुळे. घाटात ते मास्तरांच्या मागे उजेड टाकत येत होते आणि मधेच खिडकीतून डोकं काढून ओरडले, "निधान री मास्तर, निधान! सेकंड गेर हाकरी!" म्हणजे सावकाश मास्तर, सेकंड गिअर टाका. तेव्हा आम्ही हसलो. खाली चहा पिताना अण्णांनी समजावून सांगितलं: ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला की लायनर जळतात, गाडी खाली पोचते पण पुढे लागेल तेव्हा ब्रेक लागत नाही. घाट गिअरवर उतरायचा.

आणि गिअरवर उतरणारा माणूस आमच्याकडे होताच, फक्त त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. सुभेदार काका. मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त, पन्नाशी ओलांडलेले. त्या रात्री ते खरं म्हणजे मास्तरांना सोबत म्हणून मागून पळत होते, अंधारात एकट्याने नको म्हणून. पण दोन्ही टप्पे त्यांनीही पूर्ण केले. घाट ४६ मिनिटांत, बारावा ५३ मध्ये. सपाटीवर त्यांची नेहमीची वेळ ५२! म्हणजे घाटाने त्यांचं एक मिनिट घेतलं आणि मास्तरांची सतरा.

नंतर बुलेटवरून काढलेला व्हिडिओ आवाज मोठा करून ऐकला. मास्तरांचं पाऊल पडतं ते धप्प, धप्प, टाच आधी, गुडघा जवळपास ताठ, अंग मागे झुकलेलं. काकांचं टपटप टपटप, पाऊल शरीराच्या खालीच पडतं, गुडघा वाकलेला, हात कोपरातून थोडे बाहेर. पावलं मोजली तर मास्तरांची मिनिटाला १६८, काकांची १८८. काकांना विचारलं की हे कुठे शिकलात. ते म्हणाले, "शिकतोय कसला? पाठीवर बोजा घेऊन डोंगर उतरताना लांब ढांग टाकलास की गुडघा बोलतोच. उतारच न्यायलाय की तुला, तू वर आणि जोर लावायलास कशाला?"

बुधवारी राजहंसगडावर हेच करून बघितलं. आपण सगळे व्हॅक्सिन डेपोच्या सपाट मातीवर लाडावलेले. बेळगावच्या जवळपास दहा किलोमीटरचा सलग उतार नाहीच, आणि वंटमुरीचा घाट ट्रकांमुळे बाद. म्हणून गडाच्या डांबरी रस्त्यावर वर जायचं बुलेटवरून आणि खाली यायचं पायांनी, पुन्हा वर, पुन्हा खाली. येळ्ळूरहून दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या एका मामांनी गाडी थांबवून विचारलंच, "बुलेट बिघडली काय?" पावलांसाठी ठोके देणारा मेट्रोनोम मी मिनिटाला १८४ वर लावला होता. सुरुवातीला पावलं पायात अडकल्यासारखी वाटली, मग एका फेरीला लय सापडली. वेग तोच, पण खाली आल्यावर मांडी थरथरत नव्हती. ती एक फेरी मी अजून मनात घोळवतोय.

आता हिशोब. आधीच्या क्रमात मास्तर चौथे: ४४ + ३९ + ६१, म्हणजे १४४. काका पहिले, टप्पे एक, पाच आणि नऊ: ५२ + ५३ + ५४, म्हणजे १५९. दोघांचे मिळून ३०३. अदलाबदल केली तर मास्तर सपाटीला ४३ + ४४ + ४५, म्हणजे १३२, आणि काका ५३ + ४६ + ५३, म्हणजे १५२. एकूण २८४. नुसती नावं इकडची तिकडे केली की १९ मिनिटं हातात! घाटावर सात मिनिटं हरायची आणि बाकी ठिकाणी सव्वीस कमवायची.

मास्तर थोडे नाराज आहेत, घाट त्यांना हवा होता. त्यांना मी जपानच्या हाकोने एकिडेनचं उदाहरण दिलं. १९२० पासूनची विद्यापीठांची रिले, दहा धावपटू, दोन दिवस, २०० किलोमीटरच्या वर. पाचवा टप्पा डोंगर चढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहावा तोच डोंगर उतरायचा, २०.८ किलोमीटर. चांगले धावपटू तो तासाच्या आत उतरतात. पण त्या टप्प्याला संघ उताराचा खास माणूस शोधतात, सपाटीवरचा हिरो तिथे चालेलच असं नाही. तिथे एक मोठी सोय आहे, उतरल्यावर त्या पोराला पुन्हा पळायचं नसतं. आपल्याला ती चैन नाही.

छोट्या गोष्टी. घाटात मोबाईलला रेंज नसल्यामुळे दाणोलीच्या हँडओव्हरला पुढच्याला काही कळत नाही, हा जुना प्रश्न सुटला. संघातल्या तिसऱ्या धावपटू अक्का, त्यांचे यजमान बुलेटवर शेवटच्या दोन किलोमीटरला पुढे निघून वर्दी देतात. टप्पा संपला की पुढच्याच्या हाती द्यायची मनगटी पट्टी या खेपेला एकदाही खाली पडली नाही. पहाटे धुकं दाट होतं आणि डोक्यावरची बॅटरी धुक्यात कुचकामी, उजेड उलटून डोळ्यांवरच येतो. काकांनी ती काढून कमरेच्या पट्ट्याला लावली आणि रस्ता दिसायला लागला. ऑनलाईन घेतलेल्या बॅटरीवर छापलेल्या लुमेनच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, माझी तासाभरात मंद झाली. आणि आंबोलीच्या अलीकडे रस्त्याकडेला गवा उभा होता. सातव्या टप्प्याला गाडी जवळच ठेवायची, हे नक्की.

सावंतवाडीत एका घरगुती खानावळीत उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं मिळालं. टप्प्यांच्या मधे खायला याहून बरं काही सापडलेलं नाही. जेलची पाकिटं परत घरी आली.

आता सरावाचं. स्नायूला उताराचा एकदा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच मार कमी लागतो, हे आपल्या फायद्याचं. म्हणून शेवटचा पूर्ण घाट शर्यतीच्या तीन आठवडे आधी, आणि त्यानंतर उताराचं नाव नाही. मास्तरांचं म्हणणं आठवडाभर आधी एकदा उतरू. मी नाही म्हणतोय, काकाही नाही म्हणतायत.

हे लिहिता लिहिता सगळ्यांच्या घड्याळांची आकडेवारी पुन्हा उघडली होती, आणि एक गोष्ट आत्ता दिसली. अक्कांची पावलं सपाटीवरच मिनिटाला १८६ आहेत. वजनाने चौघांत त्याच हलक्या, म्हणजे दर पावलाला झेलायचा भारही कमी. त्यांना घाटात आम्ही कधी पळवलंच नाही, कारण पहिल्यापासून त्या तिसऱ्या, सातवा टप्पा संपवून आंबोलीला पट्टी देणाऱ्या. सपाटीवर त्या काकांपेक्षा दोन मिनिटं पुढे. त्या चौथ्या आणि काका तिसरे केले तर? घाट ४५ च्या आत आला आणि बारावा ५२ मध्ये राहिला, तर काकांचा क्रमही रद्द. अक्कांना आत्ताच फोन केला. म्हणाल्या, "बघूया की. पण बुटाची लेस मी माझी मी बांधणार."

तेव्हा वरची २८४ ची बेरीज कच्ची धरा. येत्या शनिवारी रात्री अक्का आणि काका दोघांना एकदम घाटात सोडायचं, अडीच तास बसवायचं आणि बारावा पळवायचा. बसण्याऐवजी अधूनमधून दहा मिनिटं चालवून काही फरक पडतो का, तेही काकांवर बघायचं आहे. मास्तर या वेळी गाडीत, हातात घड्याळ. ट्रॅक्समध्ये दोन जागा रिकाम्या आहेत, साडेबाराला गोगटे सर्कलवरून निघतो. बॅटरी ज्याची त्याने आणायची, कमरेला लावता येईल अशी. डिझेल वाटून घेऊ, आणि अण्णांचा चहा आपल्याकडे.